भेंडीमुळे मळी निघते, हे कशावरून? विज्ञानाच्या तासाला विचार करायला शिकवणं म्हणजे काय

कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलांना हे माहीत असतं : काहिलीत उसाचा रस तापू लागला की त्यात भेंडीचं चिकट पाणी ओततात. मळी वर येते, ती काढून टाकतात आणि गूळ स्वच्छ निघतो.

आता वर्गात एकच प्रश्न विचारायचा. मळी भेंडीमुळे वर आली, हे कशावरून? रस नुसता तापवला तरी थोडी मळी येतेच. मग भेंडीचा वाटा किती?

'सगळे टाकतात म्हणजे उपयोग होतच असणार', हे उत्तर हमखास येतं. खरा तास इथून सुरू होतो. एकाच उसाचा रस दोन सारख्या भांड्यांत, सारखाच घ्यायचा. आच सारखी, वेळ सारखा. भेंडीचं पाणी एकातच आणि दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी. (रस उकळता असतो, तेव्हा शेगडीपाशी शिक्षकच हवेत.) काय होईल याचा अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहायचा. तो चुकला तर उत्तमच, कारण 'असं का झालं?' हा प्रश्न मग मुलंच विचारतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळ्या सारख्या ठेवायच्या. वाचायला सोपं आहे, पण मुलांना दोलक देऊन पाहा. बरीच मुलं दोरीची लांबी आणि वजन एकदमच बदलतात आणि 'वजनामुळे फरक पडला' असं ठासून सांगतात. 'हा काढा प्यायलो आणि ताप गेला' हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज मोठी माणसं पुढे पाठवतात, तेव्हा त्यांचीही हीच गफलत झालेली असते. काढा न पिता ताप गेला नसता का, हे कुणी तपासलेलंच नसतं.

लंडनमध्ये मायकेल शेयर आणि फिलिप एडी यांनी १९८० च्या दशकात यावर एक कार्यक्रम आखला. वय साधारण ११ ते १४, दोन वर्षांत सुमारे ३० तास. मुलांना कोड्यात टाकायचं, गटात वाद घालू द्यायचा, शेवटी 'आपण या उत्तरापर्यंत कसे आलो?' हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं. पुढे त्या मुलांचे गुण विज्ञानातच नव्हे, गणित आणि इंग्रजीतही वाढलेले दिसले. मात्र इंग्लंडमध्येच याच धर्तीच्या कार्यक्रमाची नंतर मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात विज्ञानाच्या गुणांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे.

कोल्हापूरला करून शिकण्याची परंपरा नवी नाही. लीला पाटील यांनी १९८५ मध्ये इथे सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, ते याच विचारातून. अडचण आहे ती प्रयोगवहीची. अनेक शाळांत प्रयोगाआधीच निष्कर्ष फळ्यावरून उतरवून घेतला जातो. त्याच वहीत 'साहित्य' आणि 'कृती' यांच्यामध्ये 'माझा अंदाज' अशी एक ओळ घालायला ना वेगळी प्रयोगशाळा लागते, ना निधी.