उंचावरचा एक खांब



मानपाड्याच्या रस्त्यावर मोबाईल सहज लागतो. डोंगराआडच्या पाड्यावर मात्र पावसात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, की साप चावलेल्या लेकरासाठी गाडी बोलवायची कशी? अशा वेळी हॅम रेडिओ उपयोगी पडतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून पहिल्या खबरा देणाऱ्यांत हौशी रेडिओवालेही होते.

त्यांचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा पाड्यांसाठी सोयीचा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून अँटेना उंच हवी. सपाटीवर ९ मीटर उंचीवरून साधारण १२ किलोमीटरपर्यंत पोहोच मिळते. ती दुप्पट करायला उंची चौपट लागते. त्यामुळे दरीतल्या मोठ्या मनोऱ्यापेक्षा टेकडीवरचा छोटा खांब बरा.

खांबाचा पाया काँक्रीटचा, ताणाच्या तारा तीन दिशांना सारख्या अंतरावर, आणि विजेच्या तारा खांबाच्या उंचीपेक्षा लांब असाव्यात. पडला तरी त्यांवर पडू नये. वीज जमिनीत उतरावी म्हणून अर्थिंग हवेच.

दरवर्षी मे महिन्यात गंज, सैल नटबोल्ट, तारांचा ताण आणि केबलचे सांधे तपासावेत. सांध्यात पाणी शिरले की आवाज क्षीण होतो. पट्टा बांधल्याशिवाय चढू नये. ढग गडगडताना तर मुळीच नाही.

रेडिओ चालवायला केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आपल्या मंडळीत कोणी परवानाधारक किंवा वेल्डर असल्यास जरूर कळवा. पाड्यावरच्या तरुणांना शिकवायला अशीच माणसे हवी आहेत.