पान लागलं, त्याची नोंद कोणत्या पानावर?

सापाचं नाव रात्री घ्यायचं नाही, म्हणून आपल्या खेड्यापाड्यांत साप चावला की ‘पान लागलं’ म्हणायची रीत आहे. नांदेड जिल्ह्यातला मुखेड तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांतला. पावसाळ्यात, पेरणीपासून काढणीपर्यंत, पान लागलेली माणसं इथल्या दवाखान्यांत येत राहतात. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशावरच्या उपचारांचा आपला दहा वर्षांचा अनुभव २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त शोधनिबंध म्हणून मांडला. त्या एका निबंधामुळे वैद्यकीय संशोधनाच्या जागतिक नकाशावर मुखेड नावाचा ठिपका उमटला. ही उपमा नाही. असे नकाशे खरोखर काढले जातात, आणि पुढच्या दहा वर्षांत कोणत्या रोगावर औषध शोधायचं, कोणत्या वाटेला जायचंच नाही, हे ठरवताना औषध कंपन्या ते समोर ठेवतात. माझं म्हणणं असं की या नकाशाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यातल्या कोऱ्या जागा, आणि त्या नीट वाचायला मुखेडसारख्या गावाची साक्ष लागते.

नकाशा तयार होतो तो सोयरिकींवरून. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी आधीच्या निबंधांची यादी असते. यूजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये सुचवलं की या याद्या उलट्या बाजूने लावाव्यात, म्हणजे एखाद्या निबंधाचा आधार पुढे कुणीकुणी घेतला ते कळेल. १९६४ मध्ये त्याची सूची बाजारात आली. त्यावरून लोक पुढे गेले. दोन निबंधांचे लेखक एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांचे सोयरे तेच असतील, तर ते एकाच भावकीतले. अशा लाखो नोंदी संगणकाला दिल्या की भावकीचे पुंजके दिसू लागतात. त्यावर पेटंट आणि रुग्णांवरच्या चाचण्यांची नोंदणी चढवली की प्रतिस्पर्ध्याची चाल दिसते. एखाद्या कंपनीचे शास्त्रज्ञ एका विषयावर भरभरून लिहीत होते, अचानक गप्प झाले आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच विषयातली पेटंटं बाहेर आली, तर काय शिजत होतं ते उघड आहे. नुसतेच गप्प झाले आणि पेटंटही नाही, तर बहुधा हात पोळले आहेत. पुण्यात ‘सीएसआयआर’ची यूआरडीआयपी नावाची संस्था आहे, पेटंट आणि वैज्ञानिक माहितीचं असं विश्लेषण हेच तिचं काम.

आता हा नकाशा सर्पदंशावर धरून पाहू. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तरी औषधाची मूळ पद्धत १८९० च्या दशकातलीच आहे : घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला आणि अंबरनाथला या व्यवसायातल्या कंपन्या आहेत. गिऱ्हाईक गरीब आणि मुख्य खरेदीदार सरकार, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना यात रस नाही. फ्रान्सच्या सानोफीने तर आफ्रिकेसाठीचं आपलं प्रतिविष बनवणंच बंद केलं आणि त्याच्या शेवटच्या साठ्याची मुदत २०१६ मध्ये संपली. नकाशावर ही जागा कोरी दिसते ती अशी.

पण कोऱ्या जागेच्या कडेला हालचाल आहे. व्हारेस्प्लाडिब नावाचं औषध आधी हृदयरोगासाठी तपासलं जात होतं. त्याची मोठी चाचणी २०१२ मध्ये निष्फळ म्हणून थांबवावी लागली. ते शरीरातल्या ज्या विकराला रोखतं, त्याच कुळातला विकर सापांच्या विषात भरपूर असतो. हृदयरोगाचे निबंध एका भावकीत, सर्पविषाचे दुसऱ्या, आणि दोघांत येणं-जाणं जवळजवळ नाही. डॉ. मॅथ्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत हे औषध अनेक जातींच्या सापांच्या विषातला तो विकर रोखतं. त्याची चाचणी भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर झाली. २०२४ मध्ये आलेल्या निकालात मुख्य कसोटीवर ते सरस ठरलं नाही, मात्र लवकर डोस मिळालेल्यांत फायद्याच्या खुणा दिसल्या. नांदेड गाठायला तासाभराहून अधिक लागणाऱ्या गावासाठी ‘लवकर’ हाच शब्द महत्त्वाचा, कारण हे औषध गोळीच्या रूपात देता येतं. मग २०२५ मध्ये दोन बातम्या आल्या. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या चमूने संगणकावर रचलेली प्रथिनं नागकुळाच्या विषातल्या घातक घटकांना अडवतात, असं ‘नेचर’मध्ये छापून आलं. आणि दोन मानवी प्रतिपिंडांना व्हारेस्प्लाडिबची जोड दिलेलं मिश्रण नागकुळातल्या १९ जातींच्या विषाविरुद्ध उंदरांवर तपासल्याचं ‘सेल’मध्ये आलं. नारायणगावच्या उद्योगाने या दोन्हींकडे धंद्याच्या नजरेने पाहायला हवं. बारकाईने पाहिलं तर दोन्हीकडे रोख नाग-मण्यारीच्या कुळावर आहे. घोणस आणि फुरसं त्या कुळातले नाहीत. स्पर्धकांची गर्दी कुठे होते आहे आणि घोणशीची जागा कशी मोकळी राहते आहे, हे नकाशा एका नजरेत सांगतो.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा : हे चोचले बड्या कंपन्यांचे. तो आता फारसा टिकत नाही. ‘पबमेड’च्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी फुकट शोधता येतात. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं व्हॉसव्ह्यूअर हे नकाशे काढणारं सॉफ्टवेअरही फुकट आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी हे काम एका सत्रात करू शकतील. दुसरा आक्षेप असा की खरी गुपितं कंपन्या छापतच नाहीत. अर्धं खरं आहे. पण पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिन्यांनी जगापुढे येतो, आणि भारतात १५ जून २००९ पासून औषध-चाचणीची सार्वजनिक नोंदणी बंधनकारक आहे. माणसांवर औषध तपासायचं तर लपून राहता येत नाही. आणि लेविन यांना उत्तर नकाशाने नव्हे, प्रयोगशाळेने दिलं, हेही मान्य. नकाशा शोध लावत नाही. हजार वाटांतून कोणत्या दहा चालून पाहायच्या एवढंच सांगतो, आणि औषधधंद्यात तेही पुष्कळ झालं.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि त्यातच गोम आहे. नकाशात तेच येतं जे कुणीतरी लिहिलेलं असतं. भारतात २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाले, असं २०११ च्या अभ्यासाने घरोघरच्या चौकशीवरून दाखवलं. रुग्णालयांच्या सरकारी आकड्यांत त्यातला अगदी थोडा भाग होता. लंडनमध्ये बसून कोरी जागा पाहणाऱ्याला ‘इथे रोग नाही’ आणि ‘इथे लिहिणारा नाही’ यांतला फरक कळणार कसा? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचे आपले अनुभव ‘लॅन्सेट’ला पाठवले, म्हणून रक्तदाबावरची प्राझोसिन ही जुनी गोळी विंचवाच्या विषावर चालते हे जगाच्या नोंदीत आलं. नाहीतर तीही जागा कोरीच राहिली असती.

मण्यार रात्री अंथरुणात चावते. पुष्कळदा दुखत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. अशा माणसाला पान लागलंय हे कुणाला उमगलं नाही, तर दवाखान्याच्या वहीत ‘पोटदुखी’ एवढंच लिहिलं जातं, आणि जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर ती नोंद सर्पदंशाच्या भावकीत नेऊन बसवू शकत नाही.