उभ्या गाडीची बॅटरी

कोकणातील अनेक घरांतील माणसे नोकरीसाठी आखाती देशांत राहतात. त्यांची मोटार घरी महिनोन्‌महिने उभी असते. एखाद्या रात्री घरात कोणी आजारी पडते. किल्ली फिरवावी, तर गाडी सुरूच होत नाही! गाडी वापरलीच नाही, मग बॅटरी कशी उतरली?

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असते. गाडी उभी असली तरी आतली रासायनिक क्रिया हळूहळू चालू राहते. शिवाय गाडीतील घड्याळालाही थोडी वीज लागते. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो. मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. नवीन बॅटरी घ्यावी लागते आणि हजारो रुपये खर्च होतात.

हे टाळायचे, तर योग्य चार्जर हवा. तो घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे व्होल्ट. मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणजे भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्टची. तिला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेलाच चार्जर लावावा. बॅटरीचा प्रकारही दुकानदाराला सांगावा.

दुसरी गोष्ट म्हणजे अँपिअर. लहान लोट्यावर नळ जोरात सोडला, तर पाणी बाहेर उडते. बॅटरीचेही तसेच आहे. उभ्या मोटारीला एक-दोन अँपिअरचा चार्जर पुरतो. मोटारसायकलची बॅटरी लहान असते. तिला त्याहून कमी प्रवाह हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चार्जर स्वयंचलित असावा. साधा चार्जर बॅटरी भरल्यावरही वीज देतच राहतो. त्यामुळे आतले पाणी आटते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. ठिणगी पडली, तर स्फोट होऊ शकतो. स्वयंचलित चार्जर मात्र बॅटरी भरताच दाब सुमारे १३.५ व्होल्टपर्यंत उतरवतो आणि लागेल तेवढीच वीज देतो.

बॅटरी हवेशीर जागी भरावी. आधी तारा जोडाव्यात, मगच बटण दाबावे. काढताना आधी बटण बंद करावे. मुलांनो, हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही स्वतः तारांना हात लावू नका. पण चार्जर घेताना या तीन गोष्टी घरातल्यांना जरूर सांगा. अडचणीच्या रात्री ती गाडी नक्की उपयोगी पडेल.