दिल्ली–लेह : बर्फ, डोंगर आणि माघारी वळणे

उंची : दिल्ली विमानतळ ७७७ फूट, लेह १०,६८२. लेहला दुपारी वारा उसळतो. म्हणून प्रवासी विमाने सहसा सकाळीच.

बर्फ धरणे : शून्याखालीही द्रव राहिलेले ढगातले थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळून गोठतात. धोका मुख्यतः ० ते उणे २० अंश सेल्सिअसला. खडबडीत पांढरा थर दिसतो तरी. पारदर्शक थर जड आणि चटकन नजरेत न येणारा. उचल घटते, ओढ वाढते.

सुटका : मैदानावर खाली उतरून उबदार हवा गाठता येते. हिमालयावर किमान सुरक्षित उंची आड येते.

पर्यायी विमानतळ : श्रीनगर, चंडीगड, नाहीतर परत दिल्ली. तेवढे इंधन निघतानाच भरलेले हवे.

प्रशिक्षण : ढगातून उपकरणांच्या आधारे उडण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, उपकरणांवरचे ४० तास; सिम्युलेटरचे त्यात कमाल २०. रेटिंग देते दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए).