पहिल्या पावसाची लिली आणि तिला खाणारे

२०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोहोचला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५मध्ये, तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे एकदा १४ दिवसांचा उशीर आणि एकदा १६ दिवसांची घाई. मीरा रोडच्या एखाद्या ग्रिलमध्ये किंवा भाईंदरच्या गच्चीवर पावसाळी लिलीची कुंडी असेल, तर या महिन्याभराच्या फरकाने तिचं काही अडत नाही. पाऊस कुंडी नीट भिजवून गेला की तीन ते पाच दिवसांत रिकाम्या दिसणाऱ्या मातीतून गुलाबी, पांढरी, पिवळी फुलं वर येतात. लिली मातीचा ओलावा बघते, तारीख नाही.

अनेकांचा अनुभव असा की नळाचं पाणी रोज घालूनही जी लिली फुलत नाही, ती एका पावसात फुलते. कारण बरंचसं त्या ‘रोज’मध्येच आहे. या कांद्यांना आधी कोरडा काळ लागतो आणि मग एकदम खोलवर भिजलेली, थंडावलेली माती लागते. वर्षभर थोडं थोडं पाणी मिळालेल्या कुंडीत हा फरकच पडत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून कुंडी कोरडी पडू दिली, तर पहिल्या सरींनंतरचा बहर बहुधा भरघोस येतो.

फूल इतक्या झटपट येतं कसं, हे कांद्याच्या आत दिसतं. अमॅरिलिसचा एखादा जुना कांदा उभा चिरून पाहावा. तळाशी एक चपटी, टणक चकती असते. तेच या झाडाचं खोड. तिच्यावर एकावर एक बसलेली मांसल सालं म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे, स्टार्च आणि साखरेने भरलेले. या थरांच्या मध्ये, बोटभर अंधारात, पुढच्या हंगामाची कळी बसलेली असते. अमॅरिलिसमध्ये साधारण दर चार पानांमागे एक कळी धरते आणि धरल्यापासून उमलेपर्यंत जवळजवळ वर्ष जातं. यंदा मेमध्ये जे लाल, तुतारीसारखं फूल दिसलं, त्याची तयारी मागच्या पावसाळ्यातल्या पानांनी केली होती. फुलं संपली की लोक पानं छाटून कुंडी नीटनेटकी करतात. तिथेच पुढच्या वर्षीचं फूल जातं.

थंड प्रदेशातले ट्युलिप आणि डॅफोडिलही याच पद्धतीने जगतात, फक्त त्यांना लपायचं असतं ते हिवाळ्यापासून. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं ऑक्टोबरच्या सुमारास ट्युलिपचे कांदे जमिनीत लावतात. त्यानंतर साधारण १२ ते १६ आठवडे त्या कांद्याला दोन ते नऊ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर आत तयार असलेलं फूल देठ लांबवून वर येत नाही, पानांतच घुसमटतं. दल सरोवराजवळची ट्युलिप बाग म्हणूनच श्रीनगरमध्ये आहे. भाईंदरला ऑनलाइन मागवलेला ट्युलिपचा कांदा आधी थंडीत ठेवलेला असेल तर एकदा फुलतो, आणि मग संपतो. त्या पैशांत फुटबॉल लिलीचे कांदे घ्यावेत असं मी आग्रहाने सांगेन. मे महिन्यात, इतर झाडं उन्हाने माना टाकत असताना, ती लालबुंद गोळा घेऊन उभी राहते आणि वर्षागणिक तिचे कांदे वाढत जातात.

आपल्या डोंगरातही हा प्रकार जुनाच आहे. घोडबंदरकडे जाताना काशीमिरा, चेणे भागातल्या जंगलात जूनच्या तोंडावर शेवळं जमिनीबाहेर येतात. आधी जांभळट फुलोरा आणि नंतर पान. पान नसताना आलेला तो फुलोरा सगळा जमिनीतल्या कंदाच्या साठ्यावर उभा असतो. न उमललेल्या शेवळ्यांच्या जुड्या घेऊन आदिवासी बायका या दिवसांत बाजारात बसतात. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात, म्हणून भाजीत काकडाची फळं किंवा चिंच घालायची. भुईचाफाही असाच, भर उन्हाळ्यात पानांआधी फुलणारा.

साठा केला की लुटारू आलेच. न्यू जर्सीतल्या बागेत खारी ट्युलिपचे कांदे उकरून खातात, हरणं कळ्या खुडतात, पण शेजारच्या डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. डॅफोडिलच्या कांद्यात आणि पानांत लायकोरिन नावाचं विषारी अल्कलॉइड असतं. खाल्लं की मळमळ आणि उलट्या. आपल्या कुंड्यांमधली स्पायडर लिली, अमॅरिलिस, पावसाळी लिली आणि कुंपणालगतचं सुदर्शन ही सगळी डॅफोडिलच्याच कुळातली आहेत आणि अशाच विषांनी सज्ज आहेत. गुरं सुदर्शनाला टाळतात ते त्यामुळेच. बर्फातून डोकं काढणाऱ्या स्नोड्रॉपच्या कांद्यातून याच घराण्यातलं गॅलँटामिन मिळालं आणि ते आज अल्झायमरच्या रुग्णांना औषध म्हणून दिलं जातं. श्रावणाच्या सुमारास डोंगरउतारावर दिसणारी कळलावी निराळ्या कुळातली. तिचं विष कोल्चिसिन. मोजक्या मात्रेत ते गाउटवरचं औषध आहे, पण तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर हे कांदे त्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नयेत.

इतक्या विषाला न जुमानणारा एक जीव मात्र आपल्याकडे आहे. पावसाळ्यात स्पायडर लिलीच्या पानाच्या मागच्या बाजूला बारीक अंड्यांचा पुंजका दिसतो. त्यातून निघालेल्या अळ्या घोळक्याने खातात. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लाल-नारिंगी डाग, इतक्या भडक की लपण्याचा प्रयत्नच नाही. दोन-तीन दिवस लक्ष गेलं नाही तर पानांचे फक्त बुडखे उरतात. हा लिलीचा पतंग, पॉलिटेला ग्लोरिओसे. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद १७८१ साली केली. पतंग दिसायला फार देखणा आहे, काळ्या पंखांवर लाल, पिवळे, पांढरे तुकडे जडवल्यासारखे. असे झगझगीत रंग हा निसर्गात बहुधा इशारा असतो: आम्ही चवीला वाईट आहोत.

मला या किड्याचं फार कौतुक वाटतं, आणि त्याला कारण आहे. आपल्या कुंड्यांतल्या बहुतेक लिली परदेशी आहेत. पावसाळी लिली, स्पायडर लिली आणि अमॅरिलिस अमेरिका खंडांतून आल्या, फुटबॉल लिली आफ्रिकेतून आली. पतंग मात्र इथलाच. कळलावी आणि सुदर्शन ही त्याची इथली जुनी अन्नझाडं. त्यातही कळलावीत एक विष आणि सुदर्शनात दुसरंच, तरी ही अळी दोन्ही पचवते. सुदर्शनाच्या कुळातल्या परदेशी झाडांचं रसायन तिला ओळखीचं निघालं आणि तिने ती आपली मानली. बागेत लावलेल्या पाहुण्या झाडावर स्थानिक कीटक वाढणं, म्हणजे ते झाड इथल्या अन्नसाखळीत सामील झालं.

कौतुक असलं तरी कुंडीचं काय, हा प्रश्न उरतोच. इथे कांद्याची रचना लक्षात घ्यायला हवी. पानं खाणारी अळी ही कांद्याच्या चालू कमाईवर हात मारते, ठेवीवर नाही. जूनमध्ये पानं गेली तरी कांदा साठ्यातून दुसरी पानं काढतो आणि सप्टेंबरपर्यंत पुन्हा कमावतो. एकाच हंगामात दोन-तीनदा पानं फस्त झाली, किंवा पावसाळ्याच्या शेवटी गेली आणि भरून काढायला दिवस उरले नाहीत, तर कांदा लहान होतो आणि पुढच्या वर्षी फुलत नाही. म्हणून घाबरून जहाल कीटकनाशक मारण्याचं कारण नाही. अंड्यांचा पुंजका असलेला पानाचा तुकडा कापून टाकला तरी सगळी टोळी जाते. अळ्या फिरू लागल्या असतील तर हातमोजा घालून वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. लहान अळ्यांवर निंबोळी अर्क चालतो, पण जूनच्या पावसात तो धुऊन जातो, पुन्हा पुन्हा फवारावा लागतो. पूर्ण वाढलेली अळी मातीत उतरून कोष करते. हल्ला होऊन गेल्यावर कुंडीतली वरची दोन बोटं माती हलकेच उकरली तर कोष सापडतात. सोसायटीच्या बागेत एक सुदर्शनाचं बेट न फवारता ठेवलं तर पतंगही टिकेल.

दुसरी एक अळी मात्र खरोखर धोक्याची आहे. ब्रिथिस क्रायनी. ती आधी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतून पोखरते; पानावर फिकट, पारदर्शक चट्टे दिसतात. तिथून ती मानेच्या वाटेने खाली उतरते आणि कांद्यातच घुसते. ती ठेवीवर हात घालते, त्यामुळे तिच्या बाबतीत वाट पाहायची नाही. चट्टा दिसताच ते पान बुडापासून कापावं. मान मऊ लागत असेल तर कांदा उपसून, पोखरलेली सालं निरोगी भाग लागेपर्यंत काढून, दोन दिवस सावलीत सुकवून नव्या मातीत लावावा. तळाची चकती शाबूत असेल तर कांदा वाचतो.

आता गोगलगाय. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर चढणारी ती मोठी, तपकिरी शंखी गोगलगाय आफ्रिकेची आहे. विल्यम बेन्सन या ब्रिटिश शंखतज्ज्ञाने १८४७ साली मॉरिशसहून काही जिवंत गोगलगाई कोलकात्यात आणल्या. त्या चौरंगीच्या बागेत सुटल्या आणि तिथून पसरल्या. एक गोगलगाय एका खेपेला शे-दोनशे अंडी घालते, आणि प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असल्याने अंडी कोणतीही घालू शकते. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात याच गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन शेतकऱ्यांना पुन्हा पेरणी करायला लावली. आपल्याकडे ती बागेपुरती आहे, पण तिचं वेळापत्रक पावसाळी कांद्यांशी तंतोतंत जुळतं. उन्हाळाभर ती शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून विटांखाली, कुंड्यांच्या बुडाशी निपचित असते. पहिला पाऊस पडला की तीही उठते, आणि नेमके त्याच आठवड्यात निशिगंधाचे, सोनटक्क्याचे कोवळे कोंब वर येत असतात. पावसाआधी, मेमध्येच कुंड्या हलवून त्यांच्याखाली बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय. नंतरच्या दिवसांत संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बागेत पसरावं. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. उघड्या हाताने धरू नयेत, त्यांच्यात माणसाच्या मेंदूला घातक ठरणारा एक कृमी असू शकतो. मातीत मीठ टाकू नये. गोगलगाय मरते, पण मीठ कुंडीत राहतं आणि मुळांना जाळतं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. जिथे ती फिरतात त्या सोसायटीत त्या वापरूच नयेत.

इतकं असूनही आपल्या शहरात कांदे सर्वांत जास्त मरतात ते साठलेल्या पाण्याने. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि नर्सरीतली लाल माती कुंडीत घट्ट बसलेली. पाणी निथरलं नाही की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी तळाच्या चकतीत शिरते आणि कांदा कुजतो. वरून पाहिलं तर पानं पिवळी पडतात आणि माणूस आणखी पाणी घालतो. लाल मातीत तिसरा हिस्सा जाड रेती किंवा विटांचा चुरा मिसळावा आणि अमॅरिलिसच्या कांद्याची मान मातीच्या वर ठेवावी. सुदर्शनाची मात्र इतकी काळजी घ्यावी लागत नाही. ते मुळात समुद्रकाठचंच झाड आहे. खारी हवा आणि रेताड जमीन त्याला मानवते, त्याची फळं पाण्यावर तरंगत लांबवर जातात आणि बी ओलाव्याचा साठा स्वतःतच घेऊन फिरतं, मातीवाचूनही कोंब काढतं. उत्तन, गोराई भागातल्या वाऱ्याला तोंड देणाऱ्या बागांसाठी त्याहून चांगला कांदा मला सुचत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी आणि मग ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेल लावावं.

नोव्हेंबरनंतर फुटबॉल लिलीची पानं आपोआप पिवळी पडू लागतात. ती पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत, कारण त्यांतली साखर त्या दिवसांत कांद्यात उतरत असते. पानं गळाली की पाणी तोडावं, कुंडी पावसाचं किंवा एसीचं पाणी न पडणाऱ्या कोपऱ्यात सरकवावी, आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत तिला हात लावू नये. कांदे उपसून वेगळे करायचे असतील तर तेही याच काळात, पण दर वर्षी नाही. तीन-चार वर्षं दाटीत राहिलेल्या कांद्यांना फुलं जास्त येतात.