जुन्या लष्करी रायफलीच्या कॅलिबरची ओळख
‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजेच ०.३०३ इंची ली-एन्फील्ड ही रायफल सर्वपरिचित आहे. तथापि, पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात अशा अनेक रायफलींचे पोलिसांसाठी ०.४१० इंची एकबारी मस्केटमध्ये रूपांतर करण्यात आले. बाह्यरूप बहुतांशी तेच राहिले. नळीतील आटे मात्र गेले. तेथेच १९६० च्या दशकात त्याच घडणीची ७.६२ मिलिमीटरची रायफलही तयार होऊ लागली. म्हणून केवळ आकारावरून किंवा जुन्या ठशावरून निर्णय करणे धोक्याचे होय. चुकीचे काडतूस डागणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते. जाणकार शस्त्रकार शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून नळीचा व्यास मोजतो. परंतु तेवढे पुरत नाही. मस्केटचे काडतूस ०.३०३ च्याच, पण मान न आवळलेल्या कवचाचे असते, बाजारातील ०.४१० चे छर्ऱ्याचे काडतूस तिच्या मूळ कोठीत बसत नाही. यास्तव कोठीत लवकर वितळणारा मिश्रधातू ओतून तिचा साचा घेतात आणि तो मोजतात.