हक्कांची गाडी, थांबा लोणावळा

दर निवडणुकीत विरोधकांची आघाडी एक वचन हमखास देते: राज्यांना जास्त अधिकार, प्रत्येक प्रदेशाला त्याचा वाटा, दिल्लीची मनमानी बंद. हे वचन कधी पाळलं गेलं आणि कुठे अडलं, याचा माग घ्यायचा तर मावळ तालुक्यासारखी जागा नाही. पुण्या-मुंबईच्या मधे असल्यामुळे फौजा, पाणी, रेल्वे आणि प्रचाराच्या गाड्या, सगळं इथूनच गेलं आहे.

बारा जणांची आघाडी आणि चाळीस दिवसांचा पेशवा

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादा गादीवर बसले. त्यांच्या विरोधात नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र आली. तेच बारभाई. त्यांनी १७७४ मध्ये सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं दिली, तेव्हा त्या बाळाचं वय होतं चाळीस दिवस!

राघोबादादा इंग्रजांकडे गेले. त्यांना पुन्हा गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून वर आली आणि मावळातच अडकली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. शत्रू असूनही त्याची बहादुरी पाहून मराठ्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं. त्याची समाधी वडगावात आजही दाखवतात. फौज तळेगावापर्यंत पोचली तर गाव जाळलेलं, दाणागोटा गायब. रातोरात तोफा तळ्यात टाकून ती माघारी फिरली, वडगावात कोंडली गेली आणि तिथेच तह झाला.

तहातला तपशील मला फार मोलाचा वाटतो. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख इंग्रजांनी पुणे दरबाराला परत करायचा ठरला. महादजी शिंद्यांसाठी मात्र भडोचच्या महसुलाचा करार वेगळा! मध्यवर्ती सत्ता पुण्यात, पण फौज आणि वसुली सरदाराच्या हाती. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांचं मराठी राज्य असंच चालायचं, आणि या लढाईत ती रचना जिंकली. गंमत म्हणजे समोरच्या छावणीतही केंद्र विरुद्ध प्रांत हाच तंटा होता. तह मुंबईकर इंग्रजांनी केला आणि कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने तो मानायला नकार दिला. लढाई पुढे चालली ती १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत.

वचन पुरं झालं, आघाडी विरली

आता थेट १९५६. ६ फेब्रुवारीला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ: एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका मागणीवर एकत्र आले. भारताच्या संघराज्यात मराठी माणसाचं, मुंबईसह, स्वतंत्र राज्य. १९५७ च्या निवडणुकीत पुणे शहराने ना. ग. गोरे यांना लोकसभेत आणि एस. एम. जोशी यांना विधानसभेत पाठवलं. नोव्हेंबरात पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शनं केली. १०६ हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

आणि दोनच वर्षांत, १९६२ च्या निवडणुकीत, २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. आपल्याकडे विरोधी आघाडीने दिलेलं प्रादेशिक हक्काचं एवढं मोठं वचन पूर्ण झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. ज्यांनी ते मिळवून दिलं, त्यांच्या हाती मात्र सत्ता आली नाही. हे ऋण आपण अजून पुरतं मान्य केलेलं नाही.

कलम चाळीस वर्षं पडून

केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसून बोलावं म्हणून राज्यघटनेत २६३ वं कलम पहिल्यापासून आहे. १९८३ मध्ये विरोधी पक्षांनी विजयवाडा आणि श्रीनगर इथे परिषदा घेऊन राज्यांच्या हक्कांचा आवाज उठवला, त्याच वर्षी सरकारिया आयोग नेमला गेला. आयोगाने या कलमाखाली आंतरराज्य परिषद नेमण्याची शिफारस केली. ती प्रत्यक्षात आली १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या राष्ट्रीय मोर्चाच्या सरकारात. म्हणजे वचन पाळायला वेळ लागतो, पण कुणी नेटाने धरलं तर पाळलं जातं.

चिक्कीचा निर्णय गुवाहाटीत

लोणावळ्यात चिक्की घेतलीत तर बिलाच्या तळाशी पाहा. करापोटी अडीच टक्के केंद्राचे, अडीच टक्के राज्याचे. शेंगदाण्याची आणि तिळाची चिक्की आधी १८ टक्क्यांत होती. ती ५ टक्क्यांवर आली नोव्हेंबर २०१७ मध्ये, जीएसटी परिषदेच्या गुवाहाटीच्या बैठकीत. या परिषदेत एक तृतीयांश मत एकट्या केंद्राचं आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं मिळून. निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे केंद्राची ‘हो’ आल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात नव्या जीएसटीचं आश्वासन दिलं. लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला या सगळ्याचा अर्थ कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगला कळतो, कारण त्याच्या गल्ल्यावर त्याचा रोज परिणाम होतो.

पाऊस मावळात, वीज मुंबईला

वळवण, लोणावळा, शिरवटा: टाटांच्या या तलावांचं पाणी १९१५ पासून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात उतरतं आणि मुंबईचे दिवे लावतं. हे मूळचं कृष्णा खोऱ्याकडे जाणारं पाणी. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादात घाटावरून पश्चिमेला वळवलेल्या पाण्याचाही हिशेब झाला. आपल्या भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजणाऱ्या पर्यटकाला कल्पना नसते, की या डोंगरातल्या पाण्यात कर्नाटक आणि आंध्र यांनाही रस आहे.

पवनेची जखम

९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनी नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्या वेळी विरोधात असलेले भाजप आणि शिवसेना आंदोलकांच्या बाजूने उभे होते. प्रकल्पाला स्थगिती मिळाली. ती उठली २०२३ मध्ये, आणि तेव्हा याच दोन नावांचे पक्ष राज्यात सत्तेत होते. पाणी हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय. दिल्लीचा इथे काही दोष नाही. आपल्या पाण्यावर आपला हक्क, ही मागणी मुंबईच्या मंत्रालयापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते.

आपण ‘उर्वरित’

घटनेच्या ३७१ (२) कलमानुसार महाराष्ट्रात तीन विकास मंडळं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. मावळ या ‘उर्वरित’ मध्ये. तरतूद १९५६ ची, मंडळं आली १९९४ ला. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा सत्तेत महाविकास आघाडी होती. दिल्लीकडे राज्याचे हक्क मागणाऱ्यांनीच घरातल्या प्रदेशांची मंडळं संपू दिली. मला हे खटकतं.

गावांचंही तेच. २०१५ मध्ये पीएमआरडीए ही पुणे महानगराची विकास यंत्रणा आली आणि मावळातल्या गावांच्या विकासाची आखणी तिच्याकडे गेली. लोणावळा नगरपरिषदेची मुदत संपल्यावर तिचा कारभार, राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांसारखाच, प्रशासकाकडे राहिला. मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. आमचा खासदारसुद्धा घाटाच्या दोन्ही अंगांचा: २००९ पासून मावळ लोकसभा मतदारसंघात पुणे जिल्ह्यातले तीन आणि रायगडातले तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. आंदर मावळातल्या भातशेतीची आणि उरणच्या किनाऱ्याची गाऱ्हाणी एकाच माणसाने मांडायची!

एकाच जिल्ह्यात दोन ग्रामसभा

शेवटची गोष्ट सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिज, भूसंपादन अशा बाबतींत खास अधिकार दिले. स्वायत्ततेचा इतका खालपर्यंत पोचलेला दुसरा कायदा आपल्याकडे नाही. पुणे जिल्ह्यात तो आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी गावांना लागू आहे. मावळच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांना नाही, कारण तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. अनुसूचित क्षेत्रांची यादी बदलण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा, राज्यपालांशी सल्लामसलत करून. पुढच्या निवडणुकीत कुठल्याही आघाडीची गाडी राज्यांच्या हक्कांचे फलक लावून नाणे किंवा पवन मावळात आली, की तिला थांबवून आधी एवढंच विचारावं: आमच्या कातकरी वाडीचं नाव त्या यादीत कधी घालणार?